पुसलेला भूगोल

वर्षातून एकदा, शनिवारी दुपारी, वाचनालयाच्या खालच्या हॉलमध्ये वाचक जमत आणि आपापली मतं देत. वाचक म्हणजे ज्यांना दिसत नाही ते. "आम्ही ऐकत नाही हो, आम्ही वाचतो," असं मालीशवाल्यांनी पहिल्याच वर्षी ठणकावून सांगितलं होतं, तेव्हापासून त्यांना श्रोते म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. वरच्या मजल्यावर, भिंतींना जुन्या सतरंज्या ठोकलेल्या कोंदट खोलीत बसून पुस्तकं टेपवर वाचणाऱ्या चार बायका आणि कोर्टातून निवृत्त झालेला एक कारकून त्या दिवशी खाली येत आणि निकालाला उभ्या केलेल्या पोरांसारखे ओळीनं खुर्च्यांवर बसत. नियम एकच होता. वाचकांनी बोलायचं, वाचणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही. वर्षभर उघडंच असतं, एक दिवस मिटलं तर काय बिघडतं, असं वाचनालयाचे सर म्हणत. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. सगळ्यांत जुनी वाचणारी तीच, म्हणून तिला वाचनबाई म्हणत, आणि तिचं स्वतःचं नाव तिथे कुणाला ठाऊक होतं की नाही याची तिलाही शंका होती.

मतं नेहमीसारखीच चालली होती, म्हणजे एकाचं दुसऱ्याला पटत नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या ऑपरेटरबाईंना कादंबऱ्या हव्या होत्या, पण सुखाच्या नको होत्या. "पहिल्या शंभर पानांत कुणाचं काही वाईट होत नाही म्हणजे लेखकाला दुसरा उद्योग नाही," असं त्यांचं मत. वकिलांना कादंबरी म्हणजे साक्षीदाराची थापेबाजी वाटायची. त्यांना चरित्रं हवीत, थोरामोठ्यांची, जाडजूड. त्यावर मालीशवाले हसले. "वकीलसाहेब, चरित्र लिहिणारा एक तर मुलगा असतो नाहीतर जावई. मी आयुष्यभर माणसांच्या पाठी दाबल्यात. चरित्रात असते तशी सरळ पाठ मला एकाचीही सापडली नाही." हॉल खो खो हसला. मग ऑपरेटरबाईंनी शेपटांची तक्रार काढली. पुसायचं वेगळं यंत्र वाचनालयाकडे नव्हतं. जुन्या टेपवर नवं पुस्तक वाचलं की जुनं आपोआप जायचं. पण प्रत्येक प्रकरण टेपच्या नव्या बाजूवर सुरू करायचं असा दंडक, त्यामुळे प्रकरण लवकर आटपलं तर उरलेल्या टेपवर जुनं तसंच राहून जायचं. त्याला वाचक शेपूट म्हणत. "काल रात्री नायिका गेली," ऑपरेटरबाई म्हणाल्या, "मी पदर डोळ्यांना लावते न लावते तोच मागून तुमचा आवाज, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज सांगतोय. धड रडूही देत नाही तुम्ही." आणि मग वकील म्हणाले, पाठ्यपुस्तकं हवीत कशाला, परीक्षा झाली की कोण त्यांच्याकडे ढुंकून बघतं, सगळी पुसा आणि त्या टेपांवर चरित्रं भरा. तेव्हा मागच्या रांगेतून शिक्षिकेचा कोर्स करणारी एक मुलगी उठली. पहिल्यांदाच आली होती, आवाज बारीक होता.

"मला सहावीचा भूगोल पुन्हा हवाय," ती मुलगी म्हणाली. "जुना. वाचनबाईंनी वाचलेला. त्यात बंदराचं चित्र होतं. आमच्या वर्गात बाकीच्या मुली चित्र बघायच्या आणि मी टेप वाचायचे. शिक्षकांनी विचारलं, चित्रात काय काय आहे. सगळ्या म्हणाल्या, जहाज, धक्का, माल उचलायची यारी, हमाल. मी म्हटलं, कडेला एक माणूस पाठमोरा उभा आहे, त्याच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलाय, म्हणून त्यानं सगळा भार उजव्या पायावर दिलाय. वर्ग हसला. असं काही नाही चित्रात, म्हणाले. पण बंदर म्हटलं की मला अजून तोच माणूस आठवतो. बाकीचं सगळं विसरले मी. कादंबऱ्या पुष्कळ वाचल्या, पण त्या माणसासारखा कुणी भेटला नाही."

खिडकीजवळच्या खुर्चीत वाचनबाई सावरून बसली. का ते तिला लगेच कळलं नाही. चपलेचा तुटका अंगठा तिला आठवत होता, पण एखादी चोरी आठवावी तसा. सर उत्तर देत होते, की तो कोर्स बदलला, नवीन पुस्तक आलं, टेपा काही झाडाला लागत नाहीत, त्यामुळे त्याचे होते तेवढे सगळे संच मागच्याच महिन्यात पुसले गेले. मुलगी "अच्छा" म्हणून खाली बसली. त्या 'अच्छा'नं हॉलमध्ये जरा अवघडल्यासारखं झालं, आणि ते अवघडलेपण दूर करायला म्हणून, इतक्या वर्षांत कधी नव्हे ते, वाचनबाईनं नियम मोडला. "त्यावर आता कारखानदारांचं चरित्र आहे," ती म्हणाली. "चांगलं आहे. माझ्या घरी तर पुन्हापुन्हा ऐकतात." "कोण, मिस्टर?" मालीशवाल्यांनी कान टवकारले. "कारखानदाराचं? पुन्हापुन्हा? झोप येत नसेल त्यांना." "उलट शेवटपर्यंत ऐकतात," ती म्हणाली, "नववं प्रकरण तर रोज." पुन्हा हशा पिकला, आणि तीही हसली, आणि हसता हसताच तिच्या लक्षात आलं की आपला नवरा आयुष्यात कधी कुणा कारखानदाराच्या वाटेला गेला नव्हता.

सभा संपल्यावर तिनं सरांकडून कपाटाची किल्ली मागून घेतली आणि जुन्या सहावीच्या भूगोलाचं छापील पुस्तक शोधून पिशवीत टाकलं. कशाला, असं सरांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. बस सोडून ती चालत निघाली. रस्त्याच्या कडेनं दुकानांचे पत्रे सावल्या पाडत होते, एक माणूस सायकलचं चाक उलटं करून त्याची तार न् तार वाजवून बघत होता, आणि तिला सवयीनं वाटलं, हे सांगायचं झालं तर कसं सांगावं. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, जे आहे तेवढंच. पुस्तकातले शब्द असतात तसेच्या तसे वाचायचे, त्यात काना-मात्रेचा फरक करायचा नाही. फक्त आकृती आली, चित्र आलं, नकाशा आला, की वाचणाऱ्यानं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, कारण चित्राला शब्द नसतात आणि समोरच्याला डोळे नसतात. वाचणाऱ्याचं स्वतःचं म्हणून जे काही टेपवर जातं ते एवढंच. कादंबरी लेखकाची, चरित्र त्या थोर माणसाचं, पण पाठ्यपुस्तकातली चित्रं मात्र, काही झालं तरी, वाचणाऱ्याची. नवीन होती तेव्हा ही गोष्ट तिला कोण आनंदाची वाटायची. नंतर तिला पाठ्यपुस्तकांचा कंटाळा येऊ लागला आणि ती सरांना म्हणाली होती, मला कादंबऱ्या द्या, चरित्रं द्या, त्यांत चित्रं नसतात.

तो भूगोल तिचं पहिलंच पुस्तक. आणि त्यातली चित्रं तिच्या नवऱ्यानं काढलेली. तो नकाशा-कचेरीत ड्राफ्ट्समन होता. दिवसभर कचेरीच्या रेघा ओढायचा आणि संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर पाठ्यपुस्तकासाठी नद्या, डोंगर, बंदरं काढायचा. पाठ्यपुस्तकात चित्रकाराचं नाव छापत नाहीत, त्याचं त्याला काही नव्हतं. भाजीची परात एकीकडे सरकवून तो कागद पसरायचा आणि मग सगळं घर पाय न वाजवता चालायचं. सगळं घर म्हणजे ती एकटीच. पुस्तक छापून यायच्या आधीच टेपा तयार व्हायला हव्या होत्या, शाळा उघडताना न दिसणाऱ्या मुलांच्या हातात बाकीच्यांबरोबरच पुस्तक पडावं म्हणून. त्यामुळे तिनं वाचलं ते टाइप केलेल्या कागदांवरून, आणि चित्रं सांगितली ती त्याच्या मूळ कागदांवरून, शाई नीट वाळलीही नव्हती तेव्हा. रात्री त्याच्या शेजारी बसून ती आधी त्याला सांगून बघायची. हे काय आहे? यारी. आणि हे? तूच सांग, तो म्हणायचा, मी काढलंय, मी कशाला सांगू. ती सांगायची आणि तो मान खाली घालून टाक पुसत राहायचा. त्याच्या कानाची पाळी लाल व्हायची. चांगलं सांगितलंस, असं तो कधी म्हणाला नाही, पण कानाची पाळी लाल झाली की तिला कळायचं. पुढे तो कान तिनं किती वर्षांत पाहिला नव्हता, हे आता फुटपाथवरून चालताना तिच्या ध्यानात आलं, आणि तिला स्वतःची शरम वाटली.

पहिल्याच वर्षी तक्रार आली. कुण्या एका शाळेच्या शिक्षकानं लिहून कळवलं की टेपमध्ये चित्रात नसलेल्या गोष्टी सांगितल्या आहेत, मुलांचा गोंधळ होतो. सरांनी तिला बोलावलं. रागावले नाहीत, उलट चहा मागवला. छापील पुस्तक उघडून बंदराचं पान तिच्यासमोर ठेवलं. जहाज होतं, यारी होती, हमाल होते, आणि उजव्या कडेला पाठमोऱ्या माणसाचा अर्धा खांदा होता. पाय नव्हतेच, मग चप्पल कुठली! तिनं पान जवळ घेऊन पाहिलं, लांब धरून पाहिलं. "कल्पनाशक्ती चांगली गोष्ट आहे," सर म्हणाले, "पण ती लेखकाला. आपण नळ आहोत. पाणी आपलं नाही. वाचणाऱ्यानं मत ठेवायचं नाही, भर घालायची नाही." ती मान हलवत राहिली. आपणच भरीला पडलो, आपल्याच डोक्यातून निघालं सगळं, याची तिला इतकी खात्री पटली की मूळ कागद कसा होता हे आठवून बघायचंही तिच्या मनात आलं नाही. मूळ कागद तर छापखान्यानं परत केलेच नव्हते. टेपा वाटून झाल्या होत्या, पुन्हा वाचायला वेळ नव्हता, म्हणून ते चुकीचं वाचन वर्षानुवर्षं तसंच फिरत राहिलं, आणि प्रत्येक वर्षी नवे सहावीचे वर्ग येत तेव्हा ती थोडी अंग चोरून असायची. नवऱ्याला तिनं काही सांगितलं नाही. त्याच्या चित्रात नाही नाही ते घुसडलं म्हणून बोलणी खाल्ली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

तेव्हापासून ती नळ झाली, आणि चांगला नळ झाली. तिच्यासारखं स्वच्छ वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. खून असो, लग्न असो, आवाजाची रेघ हलायची नाही. आणि बाहेर जे अंगवळणी पडतं ते माणूस उंबऱ्याबाहेर काढून ठेवून थोडाच घरात येतो! कादंबरी कशी होती गं, नवरा विचारायचा. वाचली, ती म्हणायची. बरी होती का? लोकांना आवडते म्हणे. शेजारीण भांडून गेली, बहिणीच्या मुलाचं लग्न मोडलं, नवऱ्यानं भिंतींना निळा रंग लावायचा की पिवळा असं विचारलं, सगळ्याला तिचं उत्तर एकच, तुम्हाला काय वाटतं ते. हळूहळू त्यानं विचारायचं सोडलं. भांडण असं कधी झालं नाही. लोक म्हणायचे, तुमचं कसं छान जमतं. काचबिंदूनं त्याचे डोळे जायला लागले तेव्हा डॉक्टरांचा कागद तिनंच त्याला वाचून दाखवला. आजही तिला तो सगळा पाठ होता. उजवा डोळा, स्वल्पविराम, दृष्टी परत येण्याची शक्यता नाही, पूर्णविराम. स्वच्छ वाचला. एक शब्द अडखळला नाही. तो ऐकत होता, आणि ऐकून झाल्यावर म्हणाला, "छान वाचतेस." त्या वेळी तिला ते कौतुक वाटलं होतं. देवा रे, कौतुक!

आणि डोळे पुरते गेल्यावर तिनं त्याला वाचून दाखवायला हवं होतं. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पण दिवसभर त्या कोंदट खोलीत बसून घसा बसायचा, आणि घरी येऊन पुन्हा तोंड उघडायचं जिवावर यायचं. शिवाय टेपा होत्याच की. ती त्याच्यासाठी निवडून आणायची, बक्षीस मिळालेल्या कादंबऱ्या, मोठ्या माणसांची चरित्रं. तो एका खोलीत तिचा आवाज लावून बसायचा आणि ती दुसऱ्या खोलीत गप्प बसायची. दोन दिवसांत तो म्हणायचा, झालं, ने परत. एकदा चुकून पिशवीत सहावीच्या भूगोलाचा संच आला. तो मात्र त्यानं परत दिला नाही. ती नेऊ का म्हणाली की, राहू दे, झोप लागते त्यानं, म्हणायचा. तिला ते खरंच वाटलं, भूगोलच तो, झोप लागायचीच. म्हणून मग कोर्स बदलला आणि टेपांची चणचण पडली तेव्हा सर म्हणाले, जुने संच गोळा करा, तर सगळ्यांत आधी तिनं आपल्या घरचा संच उचलला. दुसऱ्यांना मागायचे तर आधी आपलं द्यावं. ती अशी चोख होती. नवरा तेव्हा आंघोळीला गेला होता. एका डबीचा कोपरा फुटलेला होता, तो तिच्या बोटाला लागलाही. मग सतरंज्यांच्या खोलीत बसून, एकेक बाजू लावून, स्वतःच्याच तोंडानं तिनं त्यावर कारखानदार वाचला. आपलं जुनं बोलणं एकदा ऐकून बघावं असंही तिला वाटलं नाही. आणि तेच चरित्र, त्याच डब्यांतून, तिनं घरी आणलं. त्यानं डबी हातात घेतली, अंगठा फुटक्या कोपऱ्यावरून फिरला, आणि त्याचा चेहरा उजळला. "आणलंस परत?" तो म्हणाला. "हे चरित्र आहे," ती म्हणाली, "भूगोलाचा कोर्स बदलला. हेही चांगलं आहे म्हणतात." "बरं," तो म्हणाला. ते 'बरं' त्या मुलीच्या 'अच्छा'चं सख्खं भावंड होतं. एका पाठोपाठ एक, जिन्याच्या पायऱ्या चढताना, दोन्ही तिला पुन्हा ऐकू आली, आणि ती मधेच कठडा धरून उभी राहिली. तो आपली चित्रं बघत होता. दुसरीकडे कुठे होती ती त्याला आता? तिच्या आवाजात तेवढी होती. आणि ती आपण पुसली, आपल्या हातानं, आपल्याच आवाजानं.

किल्लीनं दार उघडलं तर आत ती बोलत होती. हल्लीची, स्वच्छ, नळाची. "आणि अशा रीतीनं त्यांनी लावलेल्या रोपट्याचा मोठा वृक्ष झाला. प्रकरण नववं समाप्त." मग खट्ट आवाज, टेपची खरखर. ती चपला न काढता बोळातच उभी राहिली. आणि खरखरीतून एकदम एक तरुण बाई बोलू लागली. घाईघाईनं, जरा धाप लागल्यासारखी, हसू दाबत असावी अशी. "...अंगठा तुटलाय, म्हणून त्यानं सगळा भार उजव्या पायावर दिलाय. त्याच्या मागे, अगदी कडेला, दोरखंडाचं वेटोळं आहे. वेटोळ्यात एक मांजर झोपलंय, किंवा" आणि टेप संपली. ती बाई नवशिकी होती, टेप संपत आल्याचं भान तिला राहिलं नव्हतं. पुढचं तिनं दुसऱ्या बाजूवर सांगितलं असणार. टेप मागे गेली. किती मागे न्यायची हे त्याच्या बोटांना पाठ होतं. "...मांजर झोपलंय, किंवा." पुन्हा मागे. कोण ही बाई, असं तिच्या मनात आलं, आणि तिचा हेवा वाटला. मग भिंतीला टेकून ती आवाज न करता रडली, थोडंच, घसा बसेल इतकंही नाही.

"आलीस?" आतून तो म्हणाला. त्याला तिची चाहूल केव्हाच लागली असावी. "सभा कशी झाली?"

"झाली," ती सवयीनं म्हणाली. मग आत जाऊन त्याच्यासमोर जेवणाच्या टेबलाशी बसली. "वाईट झाली," ती म्हणाली. "मला आवडली नाही."

त्यानं तोंड तिच्याकडे वळवलं.

"अहो, ते चपलेचं मी मनानंच सांगितलं होतं ना?"

"मनानं?" तो म्हणाला. "वा! मी काढला होता तो अंगठा. तुझीच चप्पल होती ती. तुटली म्हणून दारामागे पडली होती, आणि मला ती चांभाराकडे न्यायला सवड होत नव्हती. तू रोज बोलत होतीस त्यावरून. मग म्हटलं निदान चित्रात तरी घालू."

"मग छापलेल्यात का नाही?"

"पान लहान पडलं म्हणून छापखान्यानं उजवीकडची आणि खालची कड छाटली. चांगली दोन बोटं. छापून आल्यावर मला कळलं." तो जरा हसला. "मला वाटलं, तुझ्या लक्षात आलं असेल."

तिनं त्याला तक्रारीचं सांगितलं. सरांचा चहा, उघडलेलं पान, नळ. सांगताना तिचा आवाज हलत होता आणि तिनं तो आवरला नाही. तो टेबलाची कड चाचपत राहिला. "म्हणून तू तशी वाचायला लागलीस?" शेवटी तो म्हणाला.

"तशी म्हणजे कशी?"

"पोस्टानं आल्यासारखी." मग तो घाईनं म्हणाला, "म्हणजे वाईट नाही. लोक चांगलं म्हणतातच."

"तुमचं काय मत आहे ते सांगा."

"माझं मत," तो म्हणाला, "मला ही आवडते," आणि त्यानं बोटानं यंत्राकडे दाखवलं. तिनं खालचा ओठ दातांत धरला. यात चुकीचं काहीच नव्हतं. तिचंही मत तेच होतं.

"मी विचारायला हवं होतं नेण्याआधी," ती म्हणाली. "आणि तुम्ही तरी बोलायचं होतंत."

"तू म्हणालीस, कोर्स बदलला. मग काय बोलणार? पोरांसाठी होतं ते." त्यानं यंत्राच्या झाकणावरून हात फिरवला. "एवढं शेपूट राहिलंय ते नशीब. पण एक सांग. किंवा काय?"

"म्हणजे?"

"मांजर झोपलंय, किंवा. पुढे काय म्हणाली होतीस? मला आधी पाठ होतं. रोज वाचायचो तोवर पाठ होतं. आता त्या बाजूला कारखानदाराचं लग्न आहे." तो पुढे झुकला. "मुळात मांजर नव्हतंच तिथे. टाकातून शाईचा थेंब पडला होता. मी पात्यानं खरवडून काढणारच होतो, तेवढ्यात तू मागून डोकावलीस आणि म्हणालीस, अय्या, मांजर झोपलंय. मग मी तो डाग राहू दिला. टेपवर तू काय म्हणालीस? मांजर झोपलंय, किंवा शाई सांडलीय? किंवा मेलंय? काय म्हणालीस?"

तिनं डोळे मिटून घेतले. टेबल आठवलं, परात, दिव्याचा पिवळा गोल, त्याची लाल कानाची पाळी. सतरंज्यांची खोलीही आठवली, पहिल्या दिवशी घामानं ओलं झालेलं तिचं पान. पण त्या बाईच्या तोंडून पुढे काय आलं ते मात्र आलं नाही. जे आपण बोललो ते आपल्यालाच नाही तर जगात आता कुणालाच माहीत नाही, हे तिला कळलं, आणि ते सहन होण्यासारखं नव्हतं. "मला नाही आठवत हो," ती म्हणाली. "खरंच नाही आठवत."

तो मागे टेकला. या वेळी 'बरं' म्हणाला नाही. त्याबद्दल ती त्याची ऋणी होती.

मग तिनं पिशवीतून पुस्तक काढलं, बंदराचं पान उघडलं आणि टेबलावर पसरलं. कागद पिवळा पडला होता. "इथे पुस्तक आहे," ती म्हणाली, आणि त्याचं बोट हातात घेतलं. कितीतरी दिवसांनी घेतलं. ते बोट कोरडं होतं आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा हलकं. तिनं ते जहाजावर ठेवलं. "हे जहाज. ही यारी. तुम्ही तिचा दोर जरा सैल काढलाय, मला आवडलं ते. हे हमाल, यातला एक कामचुकार दिसतो." त्याच्या कानाची पाळी बघायला ती वाकली. "हा त्याचा खांदा. पाठमोऱ्याचा." तिथे पान संपत होतं. तिनं त्याचं बोट थांबवलं नाही. पानाच्या कडेवरून खाली उतरवून तिनं ते टेबलाच्या उघड्या लाकडावर नेलं, चांगलं दोन बोटं पुढे. "आणि हे मांजर."

"आहे?"

"आहे."

"झोपलंय? किंवा?"

"किंवा नाही," ती म्हणाली. "झोपलंय."

त्याचं बोट लाकडावर तसंच टेकलेलं राहिलं, जराही न हलता. मग, मांजर जागं होऊ नये अशा बेतानं, फार हळू, त्यानं बोट उचलून घेतलं.